काढायचा दगड, राखायचा दगड

दगडातून मूर्ती घडवताना सर्वांत जास्त दगड पहिल्या टप्प्यात निघतो आणि सर्वांत कमी लिहिले जाते तेही याच टप्प्यावर. समोर ठोकळा आहे, त्यावर नाक-डोळे काही नाहीत. घण आणि छिन्नीने कोपरे उडवायचे, ढोबळ आकार काढायचा. या कामाला आपल्याकडे अंगमेहनत म्हणतात, आणि डोळे कोरणाऱ्याला कलावंत. मूर्तिशास्त्रावरची मराठी पुस्तके उघडली तर ध्यान, आयुधे, वाहन, राजवट, शतक असे सगळे सापडते. खांद्यावर किती दगड राखला होता, सुरुवात कोणत्या बाजूने केली, कान आधी मोकळा केला की शिंग, याची दखल क्वचितच. मला मात्र असे वाटते की मूर्तीचे बरेवाईट जवळपास सगळे याच टप्प्यात ठरते, आणि त्यातले कौशल्य दगड काढण्यात कमी, राखण्यात जास्त असते. जगभरच्या अभ्यासकांनी आणि कारागिरांनी या टप्प्याबद्दल काय सांगून ठेवले आहे आणि आपल्या काळ्या दगडाला त्यातले किती लागू पडते, हे तपासून पाहायचे आहे.

सोलापुरात बसून हे लिहायला सोयीचे, कारण इथे दगडाला तोटा नाही. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांची जी काही जोती अजून शिल्लक आहेत ती पाहावीत. दर्शनी बाजू टाकीने सारखी केलेली असते, कडा छिन्नीने सरळ ओढलेल्या असतात. घर पाडताना असा एखादा दगड बाहेर पडला की त्याची भिंतीत गेलेली बाजू दिसते. ती ओबडधोबड, निमुळती, घणाने फोडली तशीच ठेवलेली. जेवढे दिसणार तेवढेच घडवायचे आणि बाकी दगडाचे वजन भिंतीच्या कामी लावायचे, हा हिशोब गवंड्याचाही आणि मूर्तिकाराचाही.

याच पेठेत दिगंबर जैन मंदिर आहे. जैन मंदिरांतल्या संगमरवरी मूर्ती आपल्याकडे बहुधा राजस्थानातून येतात, तिथेच घडून. आणि पेठेचा सर्वांत नावाजलेला देव, श्रद्धानंद समाजाचा आजोबा गणपती, तर दगडाचा नाहीच. परंपरा त्याची स्थापना १८८५ची सांगते. ती मूर्ती जोडत, लिंपत, वाढवत नेलेली. वाढवून होणारी मूर्ती आणि कमी करून होणारी मूर्ती अशा दोन्ही जातींची दैवते एका पेठेत नांदतात. जोडकामात चूक झाली तर ती पुसता येते. दगडात उडालेली कपची परत बसत नाही. ढोबळ घडणीचे सगळे शास्त्र या एका भीतीतून निघाले आहे.

आता दगड. सोलापूर ज्यावर उभे आहे तो दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एकावर एक थर, आणि प्रत्येक थराची प्रकृती निराळी. थराच्या मधला भाग बहुधा घट्ट, काळसर, बारीक कणांचा. वरचा भाग वायूच्या पोकळ्यांनी सच्छिद्र, आणि त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे भरलेली. दोन थरांच्या सांध्यात कुठे लाल मातीचा पट्टा. लाव्हा थंड होताना आकसला, त्याच्या उभ्या-आडव्या भेगा खडकात आधीच पडलेल्या आहेत. खाणीतून किती मोठा अखंड तुकडा मिळणार, हे बरेचसे त्या भेगाच ठरवतात. इथून पूर्वेला गुलबर्ग्याकडे गेले की शहाबादचा चुनखडक लागतो. पापुद्रे सुटावेत तसा सुटतो म्हणून सोलापूरच्या घराघरांत त्याची फरशी झाली, आणि नेमके त्याच कारणाने तो उभ्या मूर्तीच्या कामाचा नाही. दक्षिणेला बदामी-ऐहोळेचा वालुकाश्म. त्याहून पुढे होयसळांचा तो मऊ, हिरवट-करडा दगड, ज्यात दागिन्याची कडीन् कडी मोकळी कोरता आली. आमच्या वाट्याला आला तो काळा, कडक आणि हट्टी.

या कडकपणाचा पहिला परिणाम म्हणजे हत्याराचा कोन. संगमरवरावर छिन्नी तिरपी धरतात, घाव बसला की पुढचा दगड ढलपीने निघतो. बेसॉल्टवर आणि ग्रॅनाइटवर टोकदार टाकी जवळपास उभीच धरावी लागते. इथे दगड सोलला जात नाही, चिरडला जातो. घाव जोराचा झाला तर पृष्ठभागाखाली दगडाला मार बसतो आणि सगळे घासून गुळगुळीत केल्यावरही तिथे पांढुरका डाग दिसत राहतो. म्हणून काळ्या दगडात शेवटच्या पृष्ठभागाच्या बरेच आधी जड घण थांबवावा लागतो आणि पुढचे अंतर हलक्या हाताने तोडावे लागते. इथे घाईने घडवलेली मूर्ती दुरून सुंदर आणि जवळून देवी आलेल्या चेहऱ्यासारखी दिसते.

दगड निवडण्याबद्दल शिल्पशास्त्राच्या ग्रंथांनी बरेच सांगितले आहे. पुंशिला, स्त्रीशिला, नपुंसकशिला असे भेद, आवाजावरून पारख, पोटात दोष असलेल्या ‘गर्भिणी’ शिळेचा निषेध. यातल्या लिंगभेदाचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, पण आवाजाची पारख शंभर टक्के कामाची आहे. आतून अखंड असलेला दगड घाव घातल्यावर खणखणीत वाजतो. पोटात चीर किंवा पोकळी असली की बद्द वाजतो. दुसरी युक्ती पाण्याची: ठोकळा ओला करायचा आणि वाळू द्यायचा. सगळा दगड वाळतो, चिरेत मुरलेले पाणी मागे राहते आणि तिथे काळी रेघ दिसते. अयोध्येच्या रामलल्लाची जी मूर्ती जानेवारी २०२४ मध्ये प्रतिष्ठित झाली, म्हैसूरच्या अरुण योगिराज यांनी घडवलेली ५१ इंचांची, तिच्या कृष्णशिळेची तपासणी बंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ रॉक मेकॅनिक्सने केली होती. साधने बदलली. विचारायचा प्रश्न तोच राहिला, की दगडाच्या पोटात काही आहे का? तो आधी न विचारल्याची किंमत पाहायची असेल तर इजिप्तमध्ये अस्वानला जावे. सुमारे ४२ मीटर लांबीचा ओबेलिस्क खडकातून तीन बाजूंनी जवळजवळ मोकळा केला, तेव्हा चीर निघाली. तो तिथेच पडून आहे, तीन हजारांहून अधिक वर्षे.

दगड पारखला, आता उतरवायचा. उदाहरण म्हणून बसलेला नंदी घेतो. सिद्धेश्वराच्या गावात दुसरे काय घेणार? समजा ठोकळा दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. घनफुटाला बेसॉल्ट साधारण ८० किलो भरतो, म्हणजे हा २४० किलोचा ऐवज झाला. मूर्ती पुरी होईल तेव्हा निम्म्याच्या आसपास दगड जमिनीवर पडलेला असेल.

पहिले काम नंदीचे नव्हे, बैठकीचे. तळ सपाट करायचा, गुण्या लावून पाहायचा, मग त्या तळाच्या भरवशावर बाकीच्या बाजू. तळच तिरपा असेल तर पुढे ओळंबा लावून उपयोग नाही, सगळी मापे खोटी. मग काव लावलेल्या दोरीने मधला उभा सूत मारायचा, समोरून वर, वरून मागे, मागून खाली, ठोकळ्याला वेढा पडेल असा. ही रेघ शेवटपर्यंत जगवायची असते. दगडाबरोबर ती उडाली की लगेच पुन्हा मारायची. मग दोन्ही कुशींवर बाजूची आकृती, समोर छाती-तोंडाची, वरून पाठीची. वशिंड सर्वांत उंच, म्हणून त्याच्यापुढचा आणि मागचा कोपरा आधी उडवायचा. तिथे कसलीच जोखीम नाही आणि वजनही चटकन कमी होते. डोके जिथे येणार तिथे मात्र एक चौकोनी ठोकळा जसाच्या तसा सोडायचा. कान, शिंगे, कपाळावरचा साज सगळे त्यात दडलेले, पण ते सुटे करायची वेळ फार पुढची. नाकपुडीच्या पुढे अंगठाभर दगड जास्त राखायचा, कारण ठोकळा उलटापालटा करताना पहिला मार तिथेच बसतो. दुमडलेल्या पायांच्या आणि पोटाच्या मधला दगड आरपार काढायचा नाही, नुसती खोल सावली पडेल इतकाच. आपल्या जुन्या दगडी नंद्यांची शिंगे आखूड आणि डोक्याला धरून का असतात, हे मूर्तिशास्त्राला विचारून उपयोग नाही, पहारीला विचारा. बाहेर काढलेले शिंग या दगडात टिकत नाही. कारागिराला हे पहिल्या दिवशी माहीत असते आणि आराखडा तिथूनच सुरू होतो.

या पद्धतीत ठोकळ्याच्या चार बाजूंवर आकृती काढून चारी दिशांनी आत शिरतात. जगात ही एकच रीत नाही, आणि कोणती खरी यावर अभ्यासकांत चांगलीच वादावादी झाली आहे. युरोपात मायकेलअँजेलोच्या नावाचा दबदबा असा की त्याची रीत हीच दगडाची रीत असे पुष्कळ दिवस मानले गेले. जॉर्जो वासारीने सोळाव्या शतकात तिचे वर्णन करताना पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या आणि हळूहळू वर उचललेल्या मूर्तीचा दाखला दिला. आधी वर येणारे भाग दिसतात, मग मागचे. म्हणजे एका दर्शनी बाजूने कोरत आत जायचे आणि पाठ शेवटी. फ्लॉरेन्सच्या अकादेमियातले त्याचे अर्धवट ‘बंदी’ पाहिले की हे वर्णन पटते. छाती, मांडी पुढे आलेली, डोके अजून दगडात. या रीतीचा फायदा असा की मागे राखलेल्या दगडात मूर्ती सरकवायला जागा राहते. हात चुकला तर अख्खी आकृती बोटभर मागे नेता येते.

पण त्याच्याच ‘डेव्हिड’ची कथा माझ्या मुद्द्याला जास्त पोषक आहे. तो ठोकळा मायकेलअँजेलोने निवडलेला नव्हता. १४६४ मध्ये अगोस्तिनो दी दुच्चोने त्यावर काम सुरू करून सोडून दिले होते आणि पुढे जवळपास चाळीस वर्षे तो तसाच पडून होता. १५०१ मध्ये मायकेलअँजेलोच्या हाती आला तेव्हा तो आधीच काही अंशी फोडलेला, उंचीच्या मानाने पातळ. १७ फुटांचा तो पुतळा समोरून पाहिला तर भव्य, बाजूने पाहिला तर आश्चर्य वाटावे इतका चपटा. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पुतळ्याची जाडी दुसऱ्याच कुणाच्या ढोबळ घडणीने ठरवली, आणि त्या माणसाचे नाव आज कलेचे विद्यार्थीसुद्धा थांबून आठवतात.

विसाव्या शतकात कार्ल ब्ल्यूमेल या जर्मन अभ्यासकाने ग्रीसमधल्या अर्धवट मूर्ती तपासून वेगळे मांडले. प्राचीन ग्रीक कारागीर एका बाजूने आत शिरत नव्हता. तो मूर्तीभोवती फिरत सगळीकडून एकेक थर उतरवत होता, त्यामुळे कोणत्याही क्षणी थांबवले तरी पूर्ण मूर्तीच दिसते, फक्त जाडजूड. नॅक्सस बेटावर खाणीतच सोडून दिलेला दहा मीटरहून लांब पुतळा याची साक्ष देतो: तो आडवा पडला आहे, हात नुसत्या वळकट्या आहेत, तरी माणूस ओळखू येतो. खाणीतच ढोबळ आकार काढण्यामागे आणखी एक व्यवहार होता. बिनकामाच्या दगडाचे वजन बैलांनी का ओढायचे?

भारतापुरते या प्रश्नावर सर्वांत नेटके काम विद्या दहेजिया आणि पीटर रॉकवेल या जोडीचे. एक कलेतिहासकार, दुसरा स्वतः छिन्नी चालवणारा शिल्पकार. त्यांचे अर्धवट शिल्पांवरचे पुस्तक २०१६ मध्ये आले. त्यांचा मला पटलेला मुद्दा असा की आपल्याकडे ‘पूर्ण’ ही कल्पनाच लवचीक होती. गाभाऱ्यातले काम झाले, पूजा सुरू झाली, की बाहेरच्या खांबावर टाकीचे घाव तसेच राहिले तरी कुणाला खटकत नसे. आपण आजचे लोक मात्र अर्धवट खांब दिसला की लगेच परचक्र, दुष्काळ, राजाचा मृत्यू असे कारण शोधू लागतो. कधी ते खरेही असते. पण कधी कारागिराने जेवढे लागते तेवढेच घडवलेले असते, शुक्रवार पेठेतल्या जोत्यासारखे.

महाराष्ट्राकडे या विषयाचे जगात तोड नसलेले दफ्तर आहे, ते म्हणजे लेणी. अजिंठ्याचे क्रमांक २४चे लेणे पाचव्या शतकात अर्धवट राहिले. प्रवासी तिथे दोन मिनिटे थांबतात आणि चित्रांकडे पळतात. चित्रे जरूर पाहावीत, पण दगडाचे काम कसे चाले हे त्या लेण्यात उघडे पडले आहे. टोकदार हत्यारांनी खडकात अरुंद बोळ पाडत जायचे, दोन बोळांमध्ये दगडाची भिंत सोडायची, मग ती भिंत फोडून काढायची. प्रत्येक इंच टाकीने खोदण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. जिथे खांब यायचा तिथे चौकोनी राखीव ठोकळा सोडलेला दिसतो. बरेच खांब त्याच अवस्थेत आहेत, ठोकळ्याच्या पुढे काम गेलेलेच नाही.

वेरूळच्या कैलासात, राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळातल्या आठव्या शतकाच्या त्या उद्योगात, हीच रीत आभाळाखाली आणली. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खणले, सुमारे शंभर फूट खोल, आणि मध्ये उरलेल्या डोंगराचे देऊळ केले. काम वरून खाली. शिखर पुरे होत असताना खालचा तळ अजून अखंड खडक होता, म्हणून कारागिराला उभे राहायला आयती जमीन मिळाली आणि परांची बांधण्याचा खर्च वाचला. यातले धाडस असे की हत्तींच्या सोंडा जिथे येणार तिथला दगड, सोंडेचा विचार करायची वेळ येण्याच्या कितीतरी वर्षे आधी, कुणीतरी राखून ठेवायला सांगितले होते. कैलास कोणी कोरला यावर अद्भुतकथा सांगणाऱ्यांनी या राखलेल्या दगडाकडे जरा पाहावे. तिथे चमत्कार नाही, हिशोब आहे, आणि हिशोब जास्त थक्क करणारा आहे.

सोलापूरच्या जैन घरांतून श्रवणबेळगोळची यात्रा ठरलेली. तिथला ५७ फुटांचा गोमटेश्वर दहाव्या शतकाच्या अखेरीचा, चावुंडरायाने करवलेला. डोंगरमाथ्यावरच्या ग्रॅनाइटच्या सुळक्यातून तो जागच्या जागी कोरला. मांड्यांपासून वर मूर्ती मोकळी उभी, पण पायांशी वारुळे आणि वर चढत जाणारी माधवीची वेल. कथेत त्यांना अर्थ आहेच, बाहुबलीची तपश्चर्या इतकी दीर्घ की अंगावर वेली चढल्या. दगडाच्या हिशोबातही त्यांना तितकाच अर्थ आहे. घोट्यांवर एवढा भार पेलायचा तर पायांशी दगड राखायलाच हवा, आणि राखलेल्या दगडाला वारुळाचे रूप देणारा कारागीर कथा आणि बलविज्ञान दोन्ही जाणत होता. त्याच मूर्तीच्या पायाशी मराठीतला एक अतिशय जुना शिलालेख आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

आपल्याच राज्यात, नाशिक जिल्ह्यात मांगीतुंगीला, १०८ फुटांचा ऋषभदेव २०१६ मध्ये प्रतिष्ठित झाला, बेसॉल्टच्या डोंगरातून. संकल्प १९९६चा. डोंगर कापून मूर्तीजोगा पाषाण मोकळा होईपर्यंत २०१२ उजाडले आणि प्रत्यक्ष मूर्तीचे कोरीव काम साधारण तीन वर्षांत आटोपले. यंत्रे होती, तरी काळाची वाटणी अशी. ढोबळ काम म्हणजे ‘आधीची किरकोळ तयारी’ असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही आकडेवारी.

जैन मूर्तींचा विषय निघालाच आहे तर एक बारकावा. तीर्थंकर दोनच आसनांत: पद्मासनात बसलेले किंवा कायोत्सर्गात उभे. पूजकाला यात ध्यानाचा फरक दिसतो, पाथरवटाला दोन वेगळी कामे. पद्मासनाची मूर्ती खाली रुंद, वर निमुळती. वरचे कोपरे बिनधास्त उडवता येतात, मोडण्याजोगे काहीच बाहेर येत नाही. कायोत्सर्गाला लांब आणि निर्दोष ठोकळा लागतो, दंड आणि कंबर यांच्यामधली फट आरपार करायची की नाही हे आधी ठरवावे लागते, आणि बोटे मांडीला चिकटलेली ठेवतात म्हणूनच ते लांब हात शाबूत राहतात. दिगंबर मूर्तीत वस्त्र-आभरणांचा आडोसा नाही, त्यामुळे ढोबळ घडणीतली चूक झाकायलाही काही नाही.

सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर भीमा-सीनेच्या संगमावरचे हत्तरसंग कुडल बहुतेकांना १०१८च्या मराठी शिलालेखामुळे माहीत आहे. तिथल्या हरिहरेश्वर मंदिरातले, विसाव्या शतकाच्या अखेरीस मातीखालून निघालेले बहुमुखी शिवलिंगही तितकेच पाहण्याजोगे. एका लिंगावर ३५९ मुखे, रांगांवर रांगा. एका नजरेत गर्दी वाटते, पण रांग धरून पाहत गेले की शिस्त कळते. प्रत्येक मुखाला सारखी जागा, सारखा उठाव. आधी गोल स्तंभ, मग त्यावर आडव्या-उभ्या रेघांचे घर, मग प्रत्येक घरात एक उंचवटा राखून भोवतालचा दगड खाली नेणे, याखेरीज असे काम पार पडेल असे मला वाटत नाही.

एवढे लांबही जायला नको. आमच्या जिल्ह्यात मारुतीच्या पारापाशी, देवळाच्या आवारात, शेताच्या बांधावर वीरगळ उभे आहेत. सगळे पुढून पाहतात: लढाई, अप्सरा, शिवपूजा. मागे जाऊन पाहा. पाठीवर घणाने फोडल्याच्या खोलगट खुणा, कडेला पाचरींसाठी पाडलेल्या भोकांच्या अर्ध्या खाचा, कुठे टाकीच्या समांतर रेघा. त्या रेघांच्या दिशेवरून कारागीर कोणत्या हाताने काम करत होता आणि दगडाच्या कोणत्या अंगाला बसला होता याचाही अंदाज बांधता येतो. दगड खाणीतून कसा सुटला आणि किती घडवून थांबला याची हकीगत पुढच्या बाजूने पुसून टाकलेली असते. पाठीवर ती तशीच आहे.

मग हे ज्ञान आपल्या कलाशिक्षणात का नाही? मुंबईत सर ज. जी. कला शाळा १८५७ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्राच्या आधुनिक शिल्पकलेने शाडूची आणि प्लास्टरची वाट धरली. शिल्पकार म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरमध्ये, करमरकरांचे सासवण्याचे कितीतरी काम सिमेंटमध्ये. आमच्या सोलापूरचे भगवान रामपुरे यांचा मुंबई शेअर बाजारासमोरचा २००८चा बैल कांस्याचा. यात कमीपणा काहीच नाही. मातीत काम करणाऱ्याची नजर आणि हिंमत वेगळी असते, आणि तो उसळता बैल बेसॉल्टमध्ये कुणालाच काढता आला नसता, त्याचे पाय पहिल्याच हप्त्यात गेले असते. पण परिणाम असा झाला की शिल्पकार मातीत विचार करू लागला आणि दगड हे नक्कल उतरवण्याचे साधन उरले. युरोपात याची सोय अठराव्या-एकोणिसाव्या शतकातच झाली होती. प्लास्टरच्या नमुन्यावर तीन पक्के बिंदू धरायचे, त्यांवर सुईचे उपकरण टांगायचे, सुई जिथे टेकते तिथे खूण, मग तेच उपकरण दगडावर टांगून सुई तितकीच आत जाईपर्यंत भोक. अशी शेकडो भोके पाडली की मधला दगड उडवायला कलावंत लागत नाही. कानोव्हाच्या कारखान्यात ढोबळ काम मदतनीस करत, रोदँच्या नावाचे संगमरवरी पुतळेही मुख्यतः दुसऱ्यांनी कोरले. याचा वीट येऊन विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रांकुशी, एपस्टाइन आणि पुढे हेन्री मूर, बार्बरा हेपवर्थ यांनी नमुना बाजूला ठेवून थेट दगडावर हात टाकला.

आता त्या सुईच्या जागी संगणक आणि यांत्रिक हात आला आहे. इटलीत करारा इथे संगमरवराचे ढोबळ काम असा हात दिवसरात्र करतो, काही मिलिमीटर दगड राखतो आणि शेवटचा हात माणसाचा. मला यात पाप दिसत नाही. नमुना आधीच ठरलेला असेल तर कोपरे कुणी उडवले याला फारसे महत्त्व नाही. अडचण येते ती दगड मध्येच काही बोलू लागला तर. पांढऱ्या खनिजाची पोकळी नेमकी गालावर निघाली, तर हाताने घडवणारा तोंड किंचित वळवतो, राखलेल्या दगडात जागा शोधतो. यंत्र ठरल्या रेघेवरून पुढे जाते. एकजिनसी संगमरवरात हे खपते, आमच्या पोकळ्या-भेगांच्या बेसॉल्टमध्ये कमी खपते. म्हणून माझे मत असे: काळ्या दगडाला चार बाजूंच्या आकृतीची आणि भोवती फिरत थर उतरवण्याची जुनी रीतच मानवते. एका बाजूने आत शिरण्याची मायकेलअँजेलोची रीत उठावशिल्पाला ठीक, सुट्या मूर्तीला या दगडात धोक्याची. यंत्र घ्यावे ते बैठक सपाट करायला आणि मोठे कोपरे कापायला.

राहिले ते घण मारणारे. दगड फोडण्याचे काम इथे पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजाने केले. गाडीवडार, मातीवडार आणि पाथरवट या त्यांच्यातल्या वाटण्या कामावरूनच पडल्या. रस्ते, विहिरी, धरणे, घरांची जोती त्यांच्या घणाखालून गेली. जात्या-पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बायांची आरोळी पेठेतल्या गल्ल्यांतून ज्यांनी ऐकली ती पिढी अजून आहे. मिक्सर आला आणि आरोळी गेली. आता हातात ग्राइंडर आहे. काम दहापट वेगाने होते आणि धूळही त्याच हिशोबाने उडते. बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका ग्रॅनाइट-वालुकाश्मापेक्षा कमी, म्हणून तो निर्धोक असे समजणाऱ्याने धुळीत एक दिवस बसून दाखवावे. राजस्थानात देवळांचे दगड कोरणाऱ्या गावांत सिलिकोसिसने इतकी माणसे खाल्ली की सरकारला २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण आणावे लागले. पाण्याची धार सोडून कापणे आणि तोंडाला नीट बसणारा मास्क, दोन्ही मूर्तीच्या किमतीपुढे चिल्लर आहेत. मूर्ती घडवून घेणाऱ्याने, मग ती देवस्थानची समिती असो की नगरसेवक, कामाच्या अटींत ते लिहून घ्यावे.

आणि गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांना एक विनंती. वीरगळ उचलून देवळाच्या भिंतीत सिमेंटने बसवू नका, वरून ऑइलपेंट तर नकोच. बसवणे भागच असेल तर भिंतीपासून हातभर अंतर सोडून मोकळे उभे करा, आणि हलवण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा, पाठीचा सर्वांत आधी.